जवळचा रस्ता, जड रस्ता

काही वर्षांपूर्वी, फेब्रुवारी संपता संपता, आम्ही आर्णी तालुक्यातील एका शाळेच्या मुलामुलींबरोबर सायकलसहलीला गेलो होतो. सकाळी जाताना सारे मजेत पार पडले. परतीसाठी दोन रस्ते होते. एक लांबचा, डांबरी, शेतांमधून जाणारा. तो २४ कि.मी. भरत होता. दुसरा १८ कि.मी.चा, सागाच्या जंगलातून आणि एका टेकाडावरून जाणारा. ऊन चढू लागले होते, मुले दमली होती. ६ कि.मी. वाचतील आणि वर जंगलातली सावलीही मिळेल, असा विचार करून आम्ही जवळचा रस्ता धरला.

दीडच्या सुमारास मोजदाद केली तेव्हा एक मुलगा कमी निघाला. नववीतला. त्याच्याकडे वडिलांची जुनी सायकल होती, मागे दुधाच्या कॅनसाठी लोखंडी कॅरियर लावलेली. दोन कि.मी. मागे जाऊन पाहिले तर तो एका सागाच्या बुंध्याला टेकून बसला होता. झाडाला पान नव्हते. त्याला उलट्या झाल्या होत्या आणि डोके धरले होते. त्याला नाल्याकाठच्या एका करंजाच्या सावलीत नेले, अंगावर पाणी शिंपडले, साखरमिठाचे पाणी थोडे थोडे पाजले. तासाभराने तो बोलू लागला. पुढचा प्रवास त्याने एका टेम्पोतून केला. नशिबाने सारे निभावले. पण बरे वाटल्यावर त्याने विचारलेला प्रश्न आमच्या मनातून गेला नाही. "सर, हा रस्ता तर कमी होता ना?"

आम्ही पदार्थविज्ञानाचा अभ्यास करणारी माणसे. शाळेत शिकवलेलेच पदार्थविज्ञान आम्ही त्या दिवशी वापरले नव्हते. रस्ता किती लांब आहे हे आम्ही पाहिले होते, तो किती जड आहे हे पाहिले नव्हते. नंतर कागद-पेन्सिल घेऊन जो हिशोब केला, तो इथे मांडत आहोत. आठवी-नववीच्या मुलांना तो सहज करता येतो.

सपाट रस्त्याचा खर्च

५० किलोग्रॅम वजनाचा विद्यार्थी आणि दप्तर, पाण्याची बाटली धरून २० किलोग्रॅमची साधी सायकल, असे एकूण ७० किलोग्रॅम धरू. रस्ता डांबरी व सपाट आहे, वारा पडलेला आहे आणि वेग ताशी १५ कि.मी. आहे. म्हणजे सेकंदाला सुमारे ४.२ मीटर.

अशा वेळी सायकलला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात. पहिली म्हणजे चाकाचा रोध. रबरी टायर जमिनीला टेकतो तिथे तो दबतो आणि सुटतो. या दबण्या-सुटण्यात थोडी ऊर्जा वाया जाते. बऱ्या डांबरी रस्त्यावर साध्या टायरसाठी हा रोध एकूण वजनाच्या हजार भागांपैकी सुमारे आठ भाग असतो. आपल्या उदाहरणात तो साडेपाच न्यूटन येतो. दुसरी म्हणजे हवा. ताठ बसून सायकल चालवणाऱ्याला या वेगाला हवा सुमारे सहा न्यूटन बलाने मागे रेटते. दोन्ही मिळून १२ न्यूटनांच्या आत-बाहेर.

बल गुणिले अंतर म्हणजे कार्य. एक कि.मी. जायला १२ × १००० म्हणजे १२,००० ज्यूल, अर्थात १२ किलोज्यूल. ही झाली आपली मोजपट्टी. सपाट रस्त्याचा एक किलोमीटर म्हणजे १२ किलोज्यूल. तासाला १५ कि.मी. या वेगाने जाताना पाय सुमारे ५० वॅट शक्ती देत असतात. एखादा लहान पंखा चालावा एवढी ही शक्ती. सायकल इतकी स्वस्त का, हे यातून कळते. तेवढेच अंतर चालत जायला शरीराची जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे एक तृतीयांशातच सायकल आपल्याला नेऊन सोडते.

चढाचा हिशोब

आता रस्ता १०० मीटर उंच चढतो असे समजा. ७० किलोग्रॅम वजन १०० मीटर वर उचलायचे. ७० × ९.८ × १०० म्हणजे ६८,६०० ज्यूल, जवळजवळ ६९ किलोज्यूल. याला आपल्या १२ च्या मोजपट्टीने भागले तर पावणेसहा येतात. म्हणजे १०० मीटरचा चढ हा सुमारे ६ कि.मी. सपाट रस्त्याइतका जड. चढ सावकाश असो की खडा, हा खर्च चुकत नाही. फक्त तो लांबवर पसरतो की एकदम अंगावर येतो एवढाच फरक.

इथे मुले एक चांगली शंका काढतात. चढताना दिलेली ऊर्जा उतरताना परत मिळत नाही का? काही प्रमाणात मिळते. उतार मंद असेल तर पायडल न मारता सायकल पुढे जाते आणि तेवढा खर्च वाचतो. पण उतार खडा असेल, वळणे असतील, समोरून बैलगाडी येत असेल, तर ब्रेक दाबावाच लागतो. मग चढताना कमावलेली ऊर्जा ब्रेकच्या रबरात आणि चाकाच्या रिममध्ये उष्णता होऊन जाते. उतार संपल्यावर रिमला बोट लावून पाहावे, आपली कमाई कुठे गेली ते समजते. म्हणून मुलांची सहल आखताना चढ पूर्ण धरावा आणि उताराचा लाभ धरूच नये. हिशोब चुकला तरी तो मुलांच्या बाजूने चुकेल.

उताराची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. ताशी १५ कि.मी. वेगात चांगला ब्रेक लावल्यावर सायकल साडेतीन मीटरांत थांबत असेल, तर ३० च्या वेगात तिला १४ मीटर लागतात. ब्रेक दाबायचे सुचेपर्यंत एक सेकंद जातो तो वेगळा. तोही धरला तर ८ मीटरऐवजी २२ मीटर होतात. वर्गाच्या लांबीशी तुलना करून हे मुलांना दाखवावे.

पायडल दबत का नाही?

आमच्या मुलांपैकी बहुतेकांकडे गिअर नसलेल्या सायकली होत्या. अशा सायकलीच्या पुढच्या दातेरी चाकाला ४४ आणि मागच्याला १८ दाते आहेत असे समजू. पायडलची एक फेरी झाली की मागचे चाक जवळजवळ अडीच फेऱ्या फिरते आणि सायकल सुमारे साडेपाच मीटर पुढे जाते. पायडल मात्र आपल्या वर्तुळात एक मीटरच्या थोडे वर फिरलेले असते. म्हणजे पायाला, रस्त्यावर लागणाऱ्या बलाच्या पाचपट रेटा द्यावा लागतो. सपाटीवर हा सरासरी रेटा सहा किलोग्रॅम वजनाइतका असतो. तो जाणवतही नाही.

शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर हाच रेटा वीस किलोग्रॅमवर जातो. शंभराला आठ मीटर चढ असेल तर तो ३१ किलोग्रॅम होतो. आता ५० किलोग्रॅमच्या मुलाने उभे राहून सारे वजन पायडलवर टाकले तरी ते पूर्णपणे उपयोगी पडते फक्त पायडल आडवे असताना. ते अगदी वर किंवा अगदी खाली असताना त्या वजनाचा काही उपयोग नाही. पूर्ण फेरीची सरासरी काढली तर वजनाचा सुमारे ६४ टक्के भाग कामी येतो, म्हणजे ३२ किलोग्रॅम. गरज ३१ ची, जवळ ३२. अशा चढावर मूल सायकलवरून उतरते ते आळशीपणाने नव्हे. त्याचे वजनच संपलेले असते! चाळीस किलोग्रॅमची मुलगी त्याच सायकलवर आणखी आधी उतरणार. तिला "चालव, चालव" म्हणून हिणवणाऱ्या शिक्षकाने हे गणित एकदा फळ्यावर मांडून पाहावे.

पायऱ्यांचा मुलूख

आर्णीच्या आसपासची जमीन पहिल्या नजरेला सपाट वाटते. काळी शेते, कापूस, तूर, मध्येच एखादी सपाट माथ्याची टेकडी. ही टेकडी सपाट माथ्याची का, याचे उत्तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसात आहे. तेव्हा थरांवर थर पसरत गेले. त्यांतले काही थर कठीण आणि घट्ट, काही सच्छिद्र आणि मऊ. पावसापाण्याने मऊ थर लवकर झिजले, कठीण थर मागे राहिले आणि जमिनीला पायऱ्यांचा आकार आला. दक्षिणेच्या या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले आहे.

पायऱ्यांच्या मुलुखातला रस्ता कसा असेल? बराच वेळ सपाट, मग एकदम छोटा पण खडा चढ, पुन्हा सपाट. सायकलस्वाराला हाच आकार फसवतो. अरुणावतीच्या काठाने, म्हणजे एकाच पायरीवरून जाणारा रस्ता वळणावळणाचा आणि लांब असतो, पण हलका असतो. दोन नद्यांमधली टेकाडे ओलांडणारा रस्ता आखूड आणि जड असतो. आर्णीहून माहूरला जाणारे लोक हे जाणतात. पैनगंगेपर्यंत पाय कुरकुरत नाहीत. नदी ओलांडली की डोंगर सुरू होतात, आणि रेणुकादेवीच्या गडाखाली सायकल हातात धरावी लागते.

आमच्या त्या जवळच्या रस्त्याने परतताना सुमारे २४० मीटर चढ होता. १८ पैकी ६ कि.मी. रस्ता मुरमाचा होता. मुरमावर चाकाचा रोध डांबरी रस्त्याच्या अडीचपट धरला तर प्रत्येक कि.मी.ला सुमारे ०.७ कि.मी. जास्तीचा खर्च पडतो. आता दोन्ही रस्त्यांचे 'सपाट किलोमीटर' काढू.

लांबचा रस्ता : अंतर २४, चढ ६० मीटर म्हणून ३.६, मुरूम नाही. एकूण २७.६.

जवळचा रस्ता : अंतर १८, चढ २४० मीटर म्हणून १४.४, मुरमाचे ४.२. एकूण ३६.६.

सहा कि.मी. वाचवण्यासाठी आम्ही मुलांवर नऊ कि.मी. लादले होते. आणि ज्याची सायकल इतरांपेक्षा पाच-सहा किलोग्रॅमने जड, त्याच्यावर आणखी.

समुद्रसपाटी सपाट नसते

पुढच्या वर्षी मुलांनी ठरवले की सायकलवरून समुद्र पाहायला जायचे. आर्णीच्या मुलांना समुद्राचे आकर्षण वाटावे यात नवल नाही. त्यांच्या अरुणावतीचे पाणी पैनगंगेत, वर्धेत, प्राणहितेत आणि गोदावरीत मिसळून बंगालच्या उपसागराला मिळते, पण ते पूर्वेला शेकडो कि.मी. दूर. रेल्वेने कोकणात जायचे आणि तिथे किनाऱ्याने सायकली चालवायच्या, असा बेत झाला. एका शिक्षकांनी म्हटले, "तिथे काय, सगळी समुद्रसपाटीच!"

या वेळी आम्ही आधी नकाशा पसरला. रत्नागिरीच्या आसपास किनाऱ्याचे रस्ते पाहावेत. गाव समुद्राकाठी, शून्य उंचीवर. मध्ये जांभ्या दगडाचा सडा, पन्नास-शंभर मीटर उंच. पलीकडे खाडी, पुन्हा शून्यावर. मग पुन्हा सडा. हे असे का? सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. तेव्हा कोकणातल्या नद्यांनी आपल्या दऱ्या खोल कापल्या. पुढे बर्फ वितळले, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांमध्ये शिरला. त्या बुडालेल्या दऱ्या म्हणजे आजच्या खाड्या. किनाऱ्याचा रस्ता या दऱ्यांना आडवा जातो. म्हणून तो करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो.

समजा ३० कि.मी.त पाच वेळा ८० मीटर चढावे लागले. चढ ४०० मीटर, म्हणजे आणखी २४ कि.मी. एकूण ५४ सपाट किलोमीटर. आर्णीजवळ १०० मीटर चढ असलेले तेवढेच अंतर ३६ भरते. रस्ता कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो यावर काही अवलंबून नाही. मध्ये किती वेळा चढतो त्यावर सारे अवलंबून आहे. आम्ही रोजचे अंतर निम्मे केले. मोठ्या खाड्यांवर, जिथे फेरीबोट चालते तिथे, ती वापरायची असे ठरवले. जयगड आणि दाभोळच्या खाडीत अशा बोटी आहेत आणि त्यांत सायकली सहज जातात.

न दिसणारा चढ

नकाशावर न दिसणारा एक चढ असतो. तो म्हणजे वारा. हवेचा रोध वाऱ्यासकटच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आपण ताशी १५ कि.मी. वेगाने जात असू आणि समोरून तेवढाच वारा असेल, तर हवेच्या दृष्टीने आपला वेग ३० होतो आणि रोध दुप्पट न होता चौपट होतो. हिशोब केला तर हा वारा शंभराला पावणेतीन मीटर चढणाऱ्या रस्त्याइतका पडतो. आणि तो चढ कुठे संपेल याची पाटी नसते. एकामागे एक, रांगेने चालल्यास मागच्यांना हवेचा रोध कमी लागतो. दर दहा मिनिटांनी पुढचा मुलगा मागे घ्यावा. सर्वांत अशक्त मूल मात्र रांगेच्या शेवटी टाकू नये, मध्ये ठेवावे. शेवटी एक मोठे माणूस हवे. त्या दिवशी आम्ही सर्व मोठी माणसे पुढे होतो.

किनाऱ्यावर सकाळी उशिरापासून समुद्राकडून वारा सुटतो, रात्री जमिनीकडून. त्या मानाने विदर्भात हिवाळी सकाळ शांत असते. सहलीला तीच वेळ बरी.

घाम कुठे गेला?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्नायू खाल्लेल्या अन्नाच्या ऊर्जेपैकी चौथ्या हिश्शाहून कमी भागाचेच काम करतात. बाकीची उष्णता होते. पायडलवर ५० वॅट पोचवताना अंगात दीडशे ते दोनशे वॅट उष्णता तयार होत असते. ती बाहेर टाकली नाही तर शरीर तापत जाते.

हवा त्वचेपेक्षा थंड असेल तर काही उष्णता आपोआप निघून जाते. पण त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश सेल्सियस असते. हवा त्याहून गरम झाली की उलट हवाच आपल्याला तापवू लागते. मग एकच मार्ग उरतो, घामाचा. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. दोनशे वॅटच्या हिशोबाने ताशी ३०० मिलिलिटर घाम पुरावा. प्रत्यक्षात उन्हाचा ताप, गरम हवा आणि चढ यांमुळे ही गरज दुप्पट-तिप्पट होते.

चढावर दोन्हीकडून कोंडी होते. काम वाढते म्हणून उष्णता जास्त तयार होते. वेग ताशी चार-पाच कि.मी.वर येतो म्हणून अंगाला लागणारा वारा जातो, आणि घाम वाळायला तोच वारा लागतो. सपाटीवर त्याच उन्हात ठीक असलेले मूल चढावर अचानक का बसते, याचे कारण हे.

विदर्भातली हवा उन्हाळ्यात कोरडी असते. घाम येताक्षणी वाळतो. थंडावा चांगला मिळतो, पण अंग कोरडे दिसते, म्हणून पाणी गेले हे कळत नाही. कोकणात उलट. हवा दमट, घाम वाळत नाही, नुसता गळतो. पाणी गेलेले दिसते, पण थंडावा मिळत नाही. म्हणून विदर्भात तहान लागण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून पाणी पाजावे, आणि कोकणात पाण्याबरोबर सावलीत थांबावे. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले पाणी जवळ असावे. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही पहिली लक्षणे. ती दिसताच थांबावे. मूल असंबद्ध बोलू लागले आणि अंग भाजत असेल, तर तो उष्माघात समजावा. अंगावर पाणी ओतून वारा घालत त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

आणि सावलीचे काय? 'जंगलातला रस्ता म्हणजे सावली' हा आमचा समज सागाने खोटा ठरवला. यवतमाळचे जंगल पानगळीचे. साग हिवाळ्याच्या अखेरीपासून पाने टाकू लागतो आणि भर उन्हाळ्यात उघडा उभा असतो. पाणी वाचवण्याची ही त्याची युक्ती आहे. पाऊस आला की तो पुन्हा पालवतो. म्हणजे सावलीची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच सागाखाली ती नसते. नाल्याकाठची करंज, उंबर, आंबा ही झाडे तेव्हाही हिरवी असतात. थांबे त्यांच्याजवळ ठरवावेत. डिसेंबर-जानेवारीत मात्र सागावर पाने असतात आणि ऊनही सौम्य असते.

या रस्त्यावर आपण एकटे नाही

पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य आहे, सुमारे १४९ चौरस कि.मी.चे. उमरखेडच्या बाजूला पैनगंगा अभयारण्य आहे. टिपेश्वरमध्ये जन्मलेल्या एका तरुण वाघाला २०१९ च्या फेब्रुवारीत रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि शेतांतून, नाल्यांतून, नदीकाठांनी फिरत डिसेंबरपर्यंत बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याचे १,३०० कि.मी.हून अधिक चालणे झाले होते. तो बहुतेक रात्री चालत होता, म्हणूनच वाटेवरच्या असंख्य गावांना त्याचा पत्ताही लागला नाही. वाघाला नकाशावरची अभयारण्याची रेघ दिसत नाही. तो दोन जंगलांमधली आपली शेतेही वापरतो, फक्त आपण झोपल्यावर.

याची दुसरी बाजूही आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात २०१६ ते २०१८ या काळात वाघाच्या हल्ल्यांत दहाहून अधिक माणसे दगावली. 'अवनी' या नावाने गाजलेली वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. माणसांचेही नुकसान झाले, वाघांचेही. म्हणून सायकलवाल्यांनी काही नियम पाळायचे. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरायचे नाही. बाहेरच्या जंगलातही सूर्य चांगला वर आल्यावर जायचे आणि मावळण्यापूर्वी तासभर बाहेर पडायचे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला माणसे जातात आणि अस्वलेही येतात, ती वेळ टाळायची. सायकल आवाज करत नाही, हा तिचा गुण जंगलात दोष ठरतो. वळणावर अचानक समोर आलेले रानडुक्कर किंवा अस्वल बिथरते. म्हणून वळणाआधी घंटी वाजवायची.

मोठ्या रस्त्याचे भय वेगळे. आर्णीतून जाणारा नागपूर-तुळजापूर महामार्ग आता चौपदरी झाला आहे. त्यावरच्या वाहनांचा वेग सायकलच्या पाच-सहापट असतो. तिथे सपाट किलोमीटर कितीही कमी भरोत, तो रस्ता मुलांच्या सहलीचा नव्हे.

वर्गात करून पाहा

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा मिळवावा. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक कि.मी. रस्त्यावर ओला दोरा वळणांसकट बसवून अंतर मोजावे. मग रस्ता समोच्च रेषांना कुठे छेदतो ते पाहावे. या रेषा साधारणतः २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. नकाशाच्या तळाशी ते लिहिलेले असते. जाताना वर चढणाऱ्या रेषा मोजून २० ने गुणावे. परतीसाठी वेगळी मोजणी करावी, कारण जातानाचा उतार येताना चढ होतो. दर १०० मीटरला ६ आणि मुरमाच्या दर कि.मी.ला ०.७ मिळवावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा रस्ता हिशोबातच धरू नये. ती माती मडगार्डमध्ये बसली की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

नंतर प्रत्येक मुलाने आपली सायकल धान्याच्या काट्यावर वजन करून आणावी, दोन्ही चाकांचे दाते मोजावेत आणि स्वतःसाठी हाच हिशोब पुन्हा मांडावा. रोज शाळेत सायकलवर येणाऱ्या मुलींनी घर ते शाळा हा रस्ता घ्यावा. मानव विकास कार्यक्रमातून राज्याच्या मागास तालुक्यांत मुलींना सायकली मिळाल्या आहेत. सहल वर्षातून एकदा होते, शाळेचा रस्ता रोजचा आहे. एका मुलीचे तीन कि.मी. दुसरीच्या तीन कि.मी.एवढेच असतात असे नाही. उशिरा येणाऱ्या मुलीला जाब विचारण्यापूर्वी तिच्या रस्त्यावरच्या समोच्च रेषा मोजाव्यात.

सर्वांचे आकडे फळ्यावर लिहिले की सरासरी काढण्याचा मोह होतो. सहलीसाठी सरासरी काढू नये. त्या यादीतला सर्वांत मोठा आकडा ज्याचा असेल, त्याला झेपेल तो रस्ता निवडावा. आमच्या त्या वर्गात हा आकडा दुधाच्या कॅनचे कॅरियर असलेल्या मुलाचा होता. पुढच्या सहलीचा रस्ता त्यानेच नकाशावर दोरा लावून ठरवला. तो लांबचा निघाला, आणि सगळे एकत्र पोचले.